ऑपरेटिंग सिस्टिमच्या बाजारात तिसरा का टिकत नाही?

अक्षांश

डेस्कटॉपवर विंडोज, तिच्या मागे मॅक आणि बाकी सगळे उरलेल्या जागेत, हे चित्र तीसेक वर्षं जवळपास तसंच आहे. फोनवर अँड्रॉइड आणि आयओएस. मधल्या काळात संगणकांसाठी आयबीएमची ओएस/२ आणि बी कंपनीची बीओएस, फोनसाठी वेबओएस आणि विंडोज फोन आले आणि गेले. त्यांतल्या बऱ्याच सिस्टिम तांत्रिकदृष्ट्या अजिबात कमी नव्हत्या. बीओएस तर त्या काळच्या साध्या यंत्रावर एकाच वेळी अनेक व्हिडिओ न अडखळता चालवायची.

'जाहिरात कमी पडली' आणि 'लोकांना सवय नव्हती' ही उत्तरं खूपदा वाचली. पण आयबीएमकडे पैशाची वाण नव्हती, आणि १९८१ मध्ये घरच्या संगणकाची सवय होतीच किती जणांना? मला हे समजून घ्यायचंय की गाडं नेमकं कुठे अडतं: करारात, कोडमध्ये की ड्रायव्हरमध्ये (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये)? स्पर्धा-कायद्याच्या खटल्यांतून प्रत्यक्षात काही मोकळं झालं, की नुसते दंड भरले गेले? आणि विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्यावर एखाद्या संस्थेला खरोखर दुसरीकडे जायचं असेल, तर आज कोणत्या अडचणी उरल्यात आणि त्या कोणत्या क्रमानं सोडवाव्यात?

खटल्यांची कागदपत्रं किंवा स्थलांतराचं काम ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी जरा सविस्तर लिहावं.

---

सीमारेषा

ऑपरेटिंग सिस्टिम सुटी अशी फारशी कधी विकलीच गेली नाही, इथून सुरुवात करू. माणूस यंत्र घेतो, आणि घेतो ते त्यावर चालणाऱ्या प्रोग्रॅमसाठी. सिस्टिम त्या सौद्यात आपोआप येते. म्हणून स्पर्धा ग्राहकापाशी होत नाही. ती यंत्र बनवणाऱ्यापाशी आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यापाशी होते.

१९८१ चं उदाहरण बारकाईनं बघा. तेव्हा लहान संगणकांवर गॅरी किल्डॉल यांच्या डिजिटल रिसर्चची सीपी/एम ही सिस्टिम चालायची. मायक्रोसॉफ्टनं आयबीएमच्या नव्या पीसीसाठी सिॲटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्सकडून टिम पॅटरसन यांनी लिहिलेली ८६-डॉस घेतली, सगळे मिळून ७५ हजार डॉलरना. पॅटरसन यांनी ती लिहितानाच सीपी/एमचे प्रोग्रॅम सहज इकडे आणता यावेत अशी रचना ठेवली होती. सीपी/एममध्ये प्रोग्रॅमला फाइल उघडायची असेल तर तो प्रोसेसरच्या 'सी' नावाच्या खणात (रजिस्टरमध्ये) कामाचा क्रमांक ठेवायचा आणि मेमरीच्या पाचव्या पत्त्यावर उडी मारायचा. डॉसनंही प्रत्येक प्रोग्रॅमच्या सुरुवातीला जो २५६ बाइटचा मथळा जोडला, त्यात पाचव्या पत्त्यावरचं हे दार तसंच राखलं, आणि बरेचसे क्रमांकही तेच ठेवले. ज्याचं राज्य घ्यायचं त्याचे प्रोग्रॅम आधी आपल्याकडे चालले पाहिजेत, हे डॉसला पहिल्या दिवसापासून उमगलं होतं.

दुसरी गोष्ट किमतीची. आयबीएमच्या यादीत पीसी-डॉस (हीच डॉस, आयबीएमच्या नावानं) ४० डॉलरना होती आणि नंतर आलेली सीपी/एम-८६ तब्बल २४० डॉलरना. तिसरी गोष्ट माझ्या मते सर्वांत निर्णायक: डॉस इतर कंपन्यांना विकायचा हक्क मायक्रोसॉफ्टनं आपल्याकडेच ठेवला. नोव्हेंबर १९८२ मध्ये कॉम्पॅकनं आयबीएमशी जुळणारं यंत्र जाहीर केलं. त्यासाठी बायोस (यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणारा, यंत्रातच बसवलेला प्रोग्रॅम) नव्यानं लिहिला. मूळ कोड पाहिलेली माणसं वेगळी आणि नवा लिहिणारी वेगळी, अशी काटेकोर विभागणी करून. १९८४ मध्ये फिनिक्सनं असाच बायोस कुणालाही विकायला काढला आणि यंत्र बनवणं कुणाच्याही आवाक्यात आलं. आयबीएमची मक्तेदारी तिथे संपली, पण त्या सगळ्या यंत्रांवर सिस्टिम मात्र एकाच कंपनीची राहिली.

मग चक्र सुरू झालं. जिथे यंत्रं जास्त तिथे प्रोग्रॅम लिहिले जातात, आणि जिथे प्रोग्रॅम तिथे पुढचा ग्राहक जातो. अमेरिकी सरकारनं मायक्रोसॉफ्टवर भरलेल्या खटल्यात न्यायाधीश थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी नोव्हेंबर १९९९ मध्ये जे निष्कर्ष नोंदवले, त्यांचा कणाच हा प्रोग्रॅमचा अडसर आहे. त्यातले आकडे बोलके आहेत. ओएस/२ च्या वॉर्प या आवृत्तीच्या भरात तिच्यावर सुमारे २,५०० प्रोग्रॅम चालत, विंडोजवर ७०,००० हून अधिक. कुणी म्हणेल, माणूस वापरतो दहाच प्रोग्रॅम. खरं आहे, पण प्रत्येकाचे दहा वेगळे असतात.

---

बूटसेक्टर

सीमारेषा यांच्याशी सहमत, पण हे चक्र आपोआप फिरत राहिलं असं वाचणाऱ्याला वाटू नये. त्याला करारांनी गती दिली होती. ते करार कसे चालत ते समजल्याशिवाय बीओएसचं काय झालं ते कळणार नाही.

पहिला प्रकार दर-प्रोसेसर लायसन्स. यात यंत्र बनवणारी कंपनी डॉसच्या प्रतीमागे पैसे देत नसे. ठरावीक प्रोसेसरची जेवढी यंत्रं बाहेर जातील तेवढ्यांमागे देई. समजा एखादी कंपनी वर्षाला १ लाख यंत्रं बनवते आणि दर यंत्रामागे १५ डॉलर ठरलेत. त्यांतल्या २० हजार यंत्रांवर तिला डिजिटल रिसर्चची डीआर-डॉस (मायक्रोसॉफ्टच्या डॉसला पर्याय) घालायची आहे. तरी मायक्रोसॉफ्टला १ लाखांचेच पैसे जाणार, आणि डीआर-डॉसचे वेगळे. म्हणजे प्रतिस्पर्ध्यानं आपला माल फुकट दिला तरी तो फक्त बरोबरीला येतो. १०-२० टक्के स्वस्त असून काहीच उपयोग नाही. (आकडे समजण्यापुरते घेतलेत.) अमेरिकी न्याय खात्याशी जुलै १९९४ मध्ये जी तडजोड झाली तिच्यात हा प्रकार बंद झाला, किमान खरेदीची सक्ती गेली आणि लायसन्सची मुदत एका वर्षावर आली. पण तोवर डीआर-डॉसचा बहराचा काळ सरला होता, आणि वर्षभरात विंडोज ९५ आली. तिच्यात डॉस वेगळी घ्यायचीच गरज उरली नाही.

दुसरा प्रकार कोडमधला. १९९१ च्या अखेरीस विंडोज ३.१ ची जी चाचणी-आवृत्ती बाहेर गेली, तिच्यात एक तपासणी दडवलेली होती. पुढे ती 'आर्ड कोड' म्हणून ओळखली गेली. ती डॉसच्या आतल्या, कुठेही न छापलेल्या रचना चाळायची. तेव्हा विंडोज डॉसच्या वर चालायची; खाली मायक्रोसॉफ्टची खरी एमएस-डॉस नसली की ही तपासणी '२७२६ क्रमांकाची गंभीर नसलेली चूक' असा संदेश द्यायची. तो तुकडा कूटबद्ध होता आणि चालताना स्वतःलाच बदलत जायचा, म्हणजे डीबगर (प्रोग्रॅम उलगडून तपासणारं साधन) लावणाऱ्याला तो सहजी वाचता येऊ नये. साध्या जुळणी-तपासणीला एवढा बंदोबस्त कुणी करत नाही. विक्रीच्या आवृत्तीत कोड होता पण निष्क्रिय केलेला. परिणाम मात्र होऊन गेला होता: चाचणी घेणाऱ्यांच्या मनात डीआर-डॉसबद्दल शंका बसली. पुढे डीआर-डॉस कॅल्डेरा या कंपनीकडे गेली, तिनं १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टवर खटला भरला आणि जानेवारी २००० मध्ये तो २८ कोटी डॉलरना मिटला.

तिसरा प्रकार बूट होतानाचा, आणि तुम्ही बीओएसचं नाव घेतलंय तर तो बघाच. यंत्र सुरू केल्यावर 'कोणती सिस्टिम हवी' असा पर्याय दाखवायचा तर बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) बदलावा लागतो. विंडोजच्या लायसन्समध्ये सुरू होण्याच्या क्रमाला हात लावायला मनाई होती. हिताचीनं फ्लोरा प्रियस या यंत्राच्या डिस्कवर बीओएस भरून दिली, पण सुरू करताना ती दिसतच नसे. ग्राहकाला फ्लॉपीवरून बूट करून डिस्कचा तो भाग (पार्टिशन) स्वतः उघडा करावा लागे. एवढी खटपट कोण करणार? २००१ मध्ये बी कंपनीची मालमत्ता १ कोटी १० लाख डॉलरना पामनं घेतली, आणि बीनं मायक्रोसॉफ्टवर भरलेला दावा २००३ मध्ये २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलरवर मिटला.

आता तुमचा प्रश्न, खटल्यांनी काय मोकळं झालं. जून २००० मध्ये मायक्रोसॉफ्टचे दोन तुकडे करायचा आदेश निघाला आणि एका वर्षात अपील न्यायालयानं तो रद्द केला, इतकंच लोकांच्या लक्षात राहतं. नोव्हेंबर २००२ चा अंतिम निवाडा वाचा. सर्वांत मोठ्या २० यंत्र-उत्पादकांना एकसारख्या अटी आणि जाहीर दरपत्रक, आणि दुसरा बूटलोडर देण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत नोंदलेला. बीओएसला जे हवं होतं नेमकं ते, पण तिचं दुकान बंद झाल्यावर. मे २०११ मध्ये त्या निवाड्याची मुदतही संपली.

---

दुभाषी

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम. मी फक्त कोडच्या बाजूबद्दल लिहितो, कारण तिथे गेल्या काही वर्षांत चित्र खरोखर बदललंय.

प्रोग्रॅमचा अडसर ओलांडायचा सोपा वाटणारा उपाय म्हणजे समोरच्याचे प्रोग्रॅम आपल्याकडे चालवणं. ओएस/२ नं तेच केलं आणि तिथेच अडकली. मुळात ती १९८५ च्या करारानुसार आयबीएम आणि मायक्रोसॉफ्टनं मिळून बनवली. डिसेंबर १९८७ ची पहिली आवृत्ती २८६ प्रोसेसर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली. २८६ एकदा संरक्षित मोडमध्ये (प्रोग्रॅमना एकमेकांच्या मेमरीपासून दूर ठेवणाऱ्या अवस्थेत) गेला की रीसेट केल्याशिवाय मागे येत नाही, त्यामुळे तिच्यात डॉसचा एकच प्रोग्रॅम कसाबसा चाले. ३८६ मध्ये आभासी ८०८६ मोड (प्रत्येक प्रोग्रॅमला जणू स्वतंत्र जुना प्रोसेसर) आला आणि विंडोज ३.० नं १९९० मध्ये त्याचा पुरेपूर फायदा घेतला: डॉसचे अनेक प्रोग्रॅम एकाच वेळी, वेगवेगळ्या चौकटींत. दोन्ही कंपन्यांची फारकत झाली. १९९२ ची ओएस/२ २.० ही ३२-बिट आणि भक्कम होती, पण तिला किमान ४ एमबी मेमरी लागे. विंडोज ३.१ निम्म्यात भागवायची, आणि त्या काळी मेमरीच महाग होती.

२.० मध्ये आयबीएमनं विंडोजचे प्रोग्रॅमही चालवले, आणि चांगले चालवले. मग प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं सरळ विचार केला: विंडोजसाठी लिहिलं की दोन्हीकडे चालतं, तर ओएस/२ साठी वेगळं का लिहू? शिवाय विंडोजची रचना दुसऱ्याच्या हाती होती. तिच्यात भर पडली की आयबीएमनं मागून धावायचं. विन३२एस या, विंडोज ३.१ वर ३२-बिट प्रोग्रॅम चालवणाऱ्या जोडीच्या पुढच्या आवृत्त्यांनी मेमरीचे असे वरचे पत्ते मागितले जे ओएस/२ च्या ५१२ एमबी मर्यादेत बसतच नव्हते, आणि जुळणी तुटली.

लिनक्स या खुल्या सिस्टिमवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारा वाईन प्रकल्प १९९३ मध्ये सुरू झाला आणि त्याची १.० आवृत्ती यायला २००८ उजाडलं. पंधरा वर्षं का लागली? विंडोजचं एखादं फंक्शन कागदावर कसं आहे हे पुरत नाही. ते चुकीच्या माहितीवर कसं वागतं, कोणता त्रुटी-क्रमांक देतं, कोणत्या क्रमानं संदेश पाठवतं, हे सगळं तंतोतंत जुळावं लागतं. प्रोग्रॅम त्या चुकांवरही विसंबून असतात.

ऑगस्ट २०१८ मध्ये व्हॉल्व्ह या खेळांच्या कंपनीनं विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवायला वाईनवर आधारलेलं प्रोटॉन आणलं आणि गती आली. त्यात विंडोजच्या डायरेक्टथ्रीडीच्या चित्र काढायच्या आज्ञा व्हल्कन या खुल्या पद्धतीत बदलणारा डीएक्सव्हीके हा थर आहे. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की लिनक्सच्या कर्नलनंच (सिस्टिमच्या गाभ्यानंच) विंडोजच्या सवयींसाठी जागा केली. एक उदाहरण देतो. काही खेळांची कॉपी-संरक्षणं विंडोजच्या लायब्ररीला न विचारता थेट कर्नलला हाक मारतात. तो हाकेचा क्रमांक लिनक्समध्ये भलत्याच कामाचा असतो आणि प्रोग्रॅम कोसळतो. लिनक्स ५.११ मध्ये (२०२१) अशी थेट हाक अडवून वाईनकडे वळवायची सोय आली. तसंच विंडोजमध्ये एक धागा (प्रोग्रॅममधलं स्वतंत्र चालणारं काम) एकाच वेळी अनेक घटनांची वाट पाहू शकतो. लिनक्सच्या फ्युटेक्स या वाट पाहायच्या सोयीला ते जमत नव्हतं, ते ५.१६ मध्ये आलं. मार्च २०२५ च्या ६.१४ मध्ये एनटीसिंक हा ड्रायव्हर पूर्ण झाला आणि विंडोजच्या ताळमेळाच्या वस्तू कर्नलमध्येच मिळू लागल्या.

मग ओएस/२ चा सापळा इथे का लागू नाही? अंशतः लागू आहेच. लिनक्ससाठी स्वतंत्र खेळ फारसे निघत नाहीत. फरक एवढाच की लिनक्सला या विक्रीतून जगायचं नाही, त्यामुळे वाट पाहण्याची मुदत संपत नाही. आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये व्हॉल्व्हचं स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं यंत्र आल्यावर सिस्टिम यंत्रातच भरून मिळू लागली. कर्नलमध्ये बसणारं अँटी-चीट (खेळातली लबाडी पकडणारा प्रोग्रॅम) मात्र आजही पलीकडे येत नाही. ते भाषांतर करून चालणारं प्रकरणच नाही.

खटल्यांबाबत एक भर. युरोपीय आयोगानं मायक्रोसॉफ्टला केलेला २००४ चा दंड (४९.७ कोटी युरो) सगळ्यांना आठवतो, पण त्याच निर्णयातली माहिती खुली करण्याची अट जास्त मोलाची होती. डिसेंबर २००७ मध्ये सांबाच्या (विंडोज सर्व्हरचं काम लिनक्सवर करणाऱ्या खुल्या प्रोग्रॅमच्या) लेखकांना १० हजार युरो एकरकमी भरून विंडोज सर्व्हरच्या प्रोटोकॉलची कागदपत्रं मिळाली. सांबा ४ मध्ये ॲक्टिव्ह डिरेक्टरीचं (संस्थेतले वापरकर्ते आणि यंत्रं सांभाळणाऱ्या विंडोजच्या सेवेचं) काम करता येतं, त्यात या कागदपत्रांचा मोठा वाटा आहे. आणि एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं गूगल विरुद्ध ओरॅकल खटल्यात जावा या भाषेच्या एपीआयच्या (प्रोग्रॅमनी हाक मारायच्या दारांच्या) घोषणा पुन्हा वापरणं हा रास्त वापर ठरवला. दुसऱ्याचं दार आपल्या भिंतीत बसवणाऱ्या प्रत्येकाला त्याचा आधार आहे.

---

अक्षांश

तिन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. एक शंका राहते: हे सगळे अडसर मॅकलाही होते. मग मॅक कसं टिकलं? आणि फोनवर सगळं नव्यानं सुरू झालं असताना तिथेही दोनच का उरले?

---

सीमारेषा

मॅक टिकलं कारण ॲपल यंत्रच विकते. तिला दुसऱ्या उत्पादकाच्या दारात जावं लागत नाही, म्हणून बूटसेक्टर यांनी सांगितलेला करारांचा अडसर तिला लागलाच नाही. १९९५ ते ९७ मध्ये तिनं इतरांना मॅकची सिस्टिम देऊन पाहिली. त्या कंपन्यांनी नवे ग्राहक आणण्याऐवजी ॲपलचेच पळवले, आणि स्टीव्ह जॉब्स परत आल्यावर तो उद्योग थांबला.

प्रोग्रॅमचा अडसर मात्र तिलाही जाचला. ऑगस्ट १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं १५ कोटी डॉलर गुंतवले ते गाजलं, पण त्याच करारात मॅकसाठी ऑफिस पाच वर्षं काढत राहण्याचं वचन होतं. माझ्या लेखी मोल त्याचं जास्त. २००६ मध्ये इंटेलवर आणि २०२० मध्ये स्वतःच्या चिपवर जाताना रोझेटा हा भाषांतर करणारा थर देऊन जुने प्रोग्रॅम चालते ठेवले, तेही याच कारणानं.

---

नभांगण

फोनबद्दल लिहितो. विंडोज फोनची कहाणी बघितली की सीमारेषा यांचं चक्र उलट्या दिशेनं फिरताना दिसतं. मायक्रोसॉफ्टकडे पैसा होता, नोकियासारखा उत्पादक होता, सिस्टिम हलकी आणि देखणी होती. तरी २०१० साली ती बाजारात आली तेव्हा अँड्रॉइडला दोन वर्षांची आघाडी होती, आणि अँड्रॉइडला लायसन्सचे पैसे पडत नव्हते. मायक्रोसॉफ्टनं लहान पडद्यांसाठी लायसन्स फुकट केलं ते २०१४ मध्ये. मधे २०१२ ला विंडोज फोन ८ साठी कर्नल बदलला आणि आधीच्या फोनना ती आवृत्ती दिलीच नाही. ज्या मोजक्या ग्राहकांनी विश्वास टाकला होता तेच नेमके मागे राहिले. २०१५ मध्ये अँड्रॉइडचे ॲप चालवायचा प्रयत्न जाहीर झाला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये सोडूनही दिला.

पण आजचा खरा अडसर वेगळा आहे. अँड्रॉइडचा मूळ कोड खुला आहे, कुणीही घ्यावा. नकाशा, ठिकाण, सूचना पोचवणं, पैसे भरणं ही कामं मात्र गूगल प्ले सर्व्हिसेसमध्ये आहेत, आणि ती खुली नाहीत. ॲप लिहिणारा या सेवांना हाक मारतो. फक्त खुल्या कोडवर बनवलेल्या फोनवर तेच ॲप उघडतं पण नकाशा कोरा राहतो, सूचना येत नाहीत, आणि प्ले इंटिग्रिटीची (फोन गूगलच्या मान्यतेचा आहे का याची) तपासणी लावलेलं बँकेचं ॲप तर सुरूच होत नाही. ड्रायव्हर उत्तम, कर्नल उत्तम, तरी ग्राहक फोन परत आणून देतो.

शिवाय करार. प्ले स्टोअर हवं असलेल्या उत्पादकाला गूगलच्या मान्यतेबाहेरचा अँड्रॉइडचा फाटा (कोड घेऊन बदललेली आवृत्ती) असलेला एकही फोन काढता येत नसे. सप्टेंबर २०१२ मध्ये एसरनं अलिबाबाच्या अलियुन सिस्टिमचा फोन काढायचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द केला, तो याच मुद्द्यावर. युरोपीय आयोगानं जुलै २०१८ मध्ये ४३४ कोटी युरोचा दंड केला त्यात ही अट एक कारण होती. २०२२ मध्ये न्यायालयानं रक्कम ४१२.५ कोटींवर आणली, पण निर्णयाचा गाभा कायम ठेवला.

हुआवेचं उदाहरण मला सर्वांत शिकण्यासारखं वाटतं. मे २०१९ मध्ये अमेरिकेच्या व्यापार-निर्बंधांत तिचं नाव आलं आणि नव्या फोनवर गूगलच्या सेवा देता येईनात. तिनं आधी त्या सेवांची पर्यायी जोडणी बनवली, मधली वर्षं अँड्रॉइडचे ॲप चालू ठेवले, आणि २०२४ च्या हार्मनीओएस नेक्स्टमध्ये ते बंद केले. आधी सेवा, मग ॲप, शेवटी कर्नल, हा क्रम बघा. बाकीच्यांनी बहुधा उलट्या टोकापासून सुरुवात केली होती. चीनमध्ये गूगलच्या सेवा आधीपासूनच नव्हत्या, त्यामुळे तिथल्या ॲपना त्यांची सवय नव्हती. हा फायदा दुसरीकडे कुणाला मिळणार नाही.

---

कळफलक

संस्थेनं स्थलांतर कसं करावं यावर. क्रम चुकला की प्रकल्प बुडतो, म्हणून दोन जाहीर उदाहरणं शेजारी ठेवतो. फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलिस दलानं आधी विंडोजवरच ओपनऑफिस हा खुला ऑफिस-प्रोग्रॅम बसवला, मग फायरफॉक्स ब्राउझर आणि मेलसाठी थंडरबर्ड, आणि माणसांचा हात बसल्यावर २००८ पासून खालची सिस्टिम बदलून उबुंटू हे लिनक्सचं वितरण (तयार संच) आणलं. सिस्टिम बदलली त्या दिवशी पडद्यावरचे प्रोग्रॅम तेच होते. ते दल आजही लिनक्सवरच आहे. म्युनिक शहरानं २००३ मध्ये निर्णय घेतला, २०१३ पर्यंत सुमारे १५,००० यंत्रं लिनक्सवर नेली, आणि २०१७ मध्ये विंडोजवर परतायचं ठरवलं. तिथे प्रत्येक विभागाचे वेगळे साचे, मॅक्रो (दस्तऐवजात बसवलेले छोटे प्रोग्रॅम) आणि खास प्रोग्रॅम होते, आणि वरची राजकीय पाठराखणही बदलली.

तेव्हा यंत्रं मोजण्याआधी प्रोग्रॅम मोजा. तीन-चार आठवडे, आणि त्यात एक महिनाअखेर येईल असे, कोणता प्रोग्रॅम कुणी चालवला याची नोंद ठेवा. वर्षातून एकदाच लागणारा लेखापरीक्षणाचा प्रोग्रॅम या नोंदीत सापडणार नाही, तो विचारूनच घ्यावा लागतो. मग चार ढीग करा: ब्राउझरमध्ये चालणारे, लिनक्सवर मुळातच असलेले, वाईनमध्ये किंवा आभासी यंत्रात (लिनक्सच्या आत चालणाऱ्या विंडोजमध्ये) चालतील असे, आणि पर्याय नसलेले. चौथा ढीग ज्या टेबलांवर आहे ती टेबलं शेवटी घ्या किंवा सोडून द्या. शंभर टक्क्यांचा हट्ट धरू नका.

दस्तऐवजांत मॅक्रो शोधताना एक चूक हमखास होते. एक्सएलएसएम आणि डीओसीएम एवढीच एक्स्टेन्शन शोधली जातात. जुन्या एक्सएलएस आणि डीओसी फाइलमध्ये मॅक्रो असला तरी नाव बदलत नाही, त्यामुळे फाइल उघडून तपासणारं साधनच हवं.

यानंतर उपकरणं. नेटवर्कवरचा प्रिंटर आयपीपी एव्हरीव्हेअर किंवा एअरप्रिंट ही छपाईची प्रमाणित पद्धत जाणत असेल तर ड्रायव्हर लागतच नाही. पानाचं चित्र विंडोजकडून तयार करून घेणारे जुने स्वस्त प्रिंटर मात्र बहुतेक निकामी ठरतात. डिजिटल सहीचे यूएसबी टोकन आणि स्कॅनर वेगळे तपासा. लॅपटॉप थेट पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून पाहा: वायफाय, झाकण मिटून उघडल्यावर जागं होणं, बाहेरचा पडदा, बोटाचा ठसा. झोपेतून जागं होताना यंत्र गोठलं तर त्या मॉडेलची खरेदीच टाळा.

बसवताना चार ठिकाणी हमखास अडतं. पहिलं, बिटलॉकर, म्हणजे डिस्क कूटबद्ध करणारी विंडोजची सोय. बूटच्या रचनेत बदल झाला की तो ४८ अंकी रिकव्हरी की मागतो, ती आधी काढून ठेवा आणि बिटलॉकर तात्पुरता थांबवा. दुसरं, विंडोजचा फास्ट स्टार्टअप. तो चालू असेल तर 'बंद' केलेलं यंत्र खरं तर अर्धवट झोपलेलं असतं, आणि लिनक्स ते पार्टिशन फक्त वाचायला देतो किंवा जोडतच नाही. तिसरं, इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. बहुतेक वेळा बायोसमध्ये इंटेलची आरएसटी किंवा व्हीएमडी ही डिस्क हाताळायची पद्धत चालू असते. ती बदलून एएचसीआय या सर्वसाधारण पद्धतीवर आणायचं, पण विंडोजही ठेवायची असेल तर आधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उठायला सांगा, मग बायोस बदला, एकदा सेफ मोडमध्ये येऊ द्या आणि नंतर ती खूण काढा. हे न करता बदललं तर विंडोज बूट डिस्क सापडत नाही म्हणून निळा पडदा दाखवते. चौथं किरकोळ: दोन्ही सिस्टिम ठेवल्या तर घड्याळ पुढेमागे होतं, कारण विंडोज यंत्राच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहिते आणि लिनक्स जागतिक. एकाला बदलायला सांगा.

---

अक्षांश

कळफलक, ही यादी छापून ठेवतो. सिक्युअर बूटचं (ओळखीची सही नसलेली सिस्टिम सुरू होऊ न देणाऱ्या तपासणीचं) काय? ते बंद करूनच लिनक्स बसवा, असं सगळीकडे वाचतो.

---

बूटसेक्टर

बंद करायची गरज नाही. मोठ्या वितरणांचा 'शिम' नावाचा छोटा बूटलोडर मायक्रोसॉफ्टच्या तिसऱ्या-पक्षाच्या किल्लीनं सही केलेला असतो. यंत्र शिमवर विश्वास ठेवतं आणि शिम वितरणाच्या किल्लीवर. म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या सहीनं आपण आत शिरतो. ही सोय आहे, आणि अवलंबित्वही आहे. २०१२ मध्ये विंडोज ८ च्या प्रमाणपत्रासाठी साध्या पीसीवर सिक्युअर बूट बंद करता येणं सक्तीचं होतं. विंडोज १० पासून तो पर्याय ठेवायचा की नाही हे उत्पादकावर सोडलंय. खरेदीच्या अटींत तो लिहून घ्या.

दोन गोष्टी तपासा. काही नव्या यंत्रांत ती तिसऱ्या-पक्षाची किल्ली मुळात बंद असते. मग शिमची सही बरोबर असूनही यंत्र ती नाकारतं; बायोसमध्ये ती चालू करायची, सिक्युअर बूटला हात लावायचा नाही. दुसरं, ते प्रमाणपत्र २०११ चं आहे आणि त्याची मुदत जून २०२६ ची. फर्मवेअर (बायोस) सहसा मुदत बघत नाही, म्हणून आज बूट होणारं यंत्र त्या तारखेला अडणार नाही. पण २०२३ च्या प्रमाणपत्रानं सही केलेला नवा शिम जुन्या फर्मवेअरला ओळखीचा नसेल. म्हणून विंडोज पुसण्याआधी बायोस अपडेट करून घ्या आणि २०२३ ची किल्ली यादीत आलीय का ते पाहा. नंतर लिनक्सवरून एफडब्ल्यूयूपीडी या फर्मवेअर-अपडेटच्या साधनानं हे बऱ्याच यंत्रांवर जमतं, पण उत्पादकानं फर्मवेअर तिथे दिलेलं असेल तरच.